आभार मानायचे, पण कशाचे?

मैत्रिणींनो, घरात सगळं सुरळीत असलं की ‘देवाची कृपा’ हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. पण दुःखात आभार कसे मानायचे?

संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलं. याचा अर्थ दुःखाबद्दल आभार माना असा नव्हे. दुःखातही हाती काय उरलं आहे ते ओळखा, म्हणजे पुढची वाट दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा ना! त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, काही काळ आपल्या नागपुरात होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघं पुन्हा एकत्र आले. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. पण टिळकांनी शिकवलेली अक्षरं लक्ष्मीबाईंच्या हाती होती. शाळेत न गेलेल्या या बाईने त्याच अक्षरांनी त्या काव्याचे बहुतेक अध्याय रचले, ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली. मिळालेलं कामी लावणं, हेही आभारच नाहीत का?

आज रात्री दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर एवढंच लिहा: माझ्याकडे काय उरलं आहे, आणि ते उद्या कुणाच्या उपयोगी पडेल?