कॉम्प्युटरमधलं विश्व

रसायनशास्त्रात दोन द्रव्यं मिसळून काय होतं ते पाहता येतं. खगोलशास्त्रज्ञांनी मात्र काय करावं? दोन दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, एकमेकींत मिसळायला कोट्यवधी वर्षं लागतात. आपल्याला दिसतो तो त्या नाटकाचा एक क्षण.

१९४१ साली स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी यावर झकास युक्ती काढली. अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण एक-चतुर्थांश उरतं. दिव्याच्या उजेडाचंही तसंच. त्यांनी ३७-३७ दिव्यांच्या दोन 'दीर्घिका' मांडल्या, जागोजागचा उजेड मोजला आणि त्या हिशोबाने दिवे थोडे थोडे सरकवत नेले.

आज दिव्यांच्या जागी आकडे आले, पण रीत तीच. प्रत्येक कणावर इतरांची ओढ किती ते काढायचं, कण जरासा हलवायचा, की पुन्हा हिशोब! २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिलेनियम' प्रकल्पात जर्मनीतल्या गार्चिंगच्या महासंगणकाने सुमारे १० अब्ज कणांचा असा हिशोब जवळजवळ महिनाभर केला.

तुम्ही म्हणाल, आकडे आपणच घालायचे आणि हवं ते उत्तर काढायचं, यात शास्त्र कुठे आलं? तर ऐका. विश्वातलं बहुतेक द्रव्य आपल्याला दिसतच नाही. ते न्यूट्रिनो नावाच्या कणांचं असावं, असा एक तर्क होता. १९८३ साली व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिस यांनी तसं विश्व कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. पिठलं जोरात घोटलं की गुठळ्या मोडतात, तसे हे वेगवान कण लहान गुठळ्या टिकूच देत नाहीत. त्यामुळे दीर्घिकांचे भलतेच मोठे घोळके तयार झाले. खऱ्या आकाशाच्या नोंदींशी ते काही जुळेनात, आणि तो तर्क मागे पडला.

कॉम्प्युटरची खरी किंमत या 'नाही'मध्ये आहे. त्याला मर्यादाही आहेत. 'मिलेनियम'मधला एकेक कण सुमारे अब्ज सूर्यांएवढा जड! त्याच्या पोटात तारे कसे जन्मतात, याचे नियम माणसांनाच बाहेरून घालावे लागतात.

तेव्हा मुलांनी पडद्यावर दीर्घिकांची सुंदर टक्कर दाखवली, तर कौतुक जरूर करा. पण एक प्रश्नही विचारायला शिकवा: "हे खऱ्या आकाशाशी ताडून पाहिलंय का?"