मेमधल्या पावसाने लिंबाचा ताण मोडला

2025 च्या मे महिन्यात देशात सरासरी 126.7 मिलिमीटर पाऊस झाला. 1901 पासूनच्या नोंदींत इतका ओला मे नाही. मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. छत्रपती संभाजीनगरात धुण्याभांड्यांचे पाणी राखून तुळस जगवणाऱ्यांना हा पाऊस पावला असे वाटले, तर नवल नाही. पण मराठवाड्यातल्या बागेला मेचा कोरडेपणा लागतो, आणि त्या वर्षी नेमका तोच हिरावला गेला.

अंगणातले कागदी लिंबू पाहा. मृग बहार धरायचा म्हणून इथले मोसंबी बागायतदार उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडतात. या ताणात वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि मृगाच्या पावसाबरोबर झाड फुलते. घरच्या लिंबाला हा ताण ऊनच देते. ताण पुरा होण्याआधी पाणी मिळाले की साठा फुलांऐवजी पालवीवर खर्च होतो. झाड हिरवेगार दिसते, म्हणून कौतुक होते. पण त्याच कोवळ्या पानांवर नागअळी येते आणि तिने पोखरलेल्या जागांतून खैऱ्या रोग शिरतो. बुंध्याशी ओल राहिली तर डिंक्याही लागतो. खत घालून ही पालवी वाढवणे म्हणजे रोगाला खाऊ घालणे.

मातीचेही तसेच. काळी माती मेमध्ये भेगाळते, हवा खोलवर जाते, उन्हाने किडींची अंडी, कोष आणि बुरशी मरतात. उन्हाळी नांगरटीमागे हाच हिशेब असतो. 2025 च्या मेमध्ये माती फुगून भेगा मिटल्या. कुंडीत तर मुळे गुदमरतात आणि पाने माना टाकतात. त्याला तहान समजून आणखी पाणी घातले जाते, ही सर्वांत महागात पडणारी चूक. ओल मिळताच सुप्त गोगलगायीही बाहेर पडतात. 2022 मध्ये लातूर, बीड, धाराशिव भागात त्यांनी कोवळे सोयाबीन फस्त केले होते, ते विसरू नये.

पावसाने बोअरच्या पाण्याचे क्षार धुऊन निघतात, हा आक्षेप खरा आहे. पांढरा थर धरलेल्या कुंड्यांना त्या मेमध्ये त्याचा फायदा झालाच असेल, मात्र तळाचे भोक मोकळे असेल तरच. तळाशी पाणी तुंबले तर क्षार तिथेच राहतात आणि मुळेही कुजतात. टंचाईच्या शहरात पावसाला नावे कशी ठेवायची, असेही कोणी म्हणेल. ते पाणी टाकीत, पिंपात जरूर साठवावे. मुळांशी मुरवण्याची घाई नको. कृषी विभागाने शेतकऱ्यांना पेरणीची घाई करू नका असे सांगितले, ते गच्चीवरच्या बागेलाही लागू आहे. कुंड्यांखालच्या ताटल्या काढाव्यात, वरची माती खुरप्याने हलवावी, बोट घालून आत कोरडे लागेपर्यंत पाणी देऊ नये. लिंबाच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावावी: मोरचूद आणि चुना प्रत्येकी 100 ग्रॅम, पाणी एक लिटर. गोगलगायी संध्याकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, मीठ मातीत कधीच टाकू नये. नवी रोपे मात्र पाऊस नीट बसल्यावरच लावावीत.