बेताच्या खर्चात दूरची छायाचित्रे

स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असे विश्वस्तांनी आम्हांस सांगितले, तेव्हा शाळामास्तराकडून शिक्षणावरचा लेख येईल अशी त्यांची समजूत असावी. परंतु बेळगावात कोणत्याही सभासदाच्या घरी जाण्याचा योग आला की चहाबरोबर एकच प्रश्न आमच्यापुढे ठेवला जातो: "सर, कॅमेरा चांगला घेतला, झूमही भरपूर आहे, मग लांबचा फोटो असा धुरकट का येतो?" त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून ते येथे सविस्तर देत आहो. आम्ही या विद्येतले पंडित नव्हे. पगारातून वाचवून छंद करणारे आहो, आणि जे शिकलो ते बहुतेक चुकून शिकलो.

त्यांतली एक चूक आधी सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या एका समारंभात आमच्या वृद्ध, निवृत्त गुरुजींचा सत्कार झाला. त्या सुमारास आम्ही पन्नासपट झूमचा एक कॅमेरा जुन्या बाजारातून घेतला होता व त्याचा अभिमानही बाळगून होतो. सभागृहाच्या अगदी शेवटी भिंतीशी उभे राहून गुरुजींच्या चेहऱ्यावर झूम पुरता ताणला आणि दहाबारा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर ते सुरेख दिसले. चारच महिन्यांनी गुरुजी वारले. त्यांचे चिरंजीव आमच्याकडे आले व म्हणाले, "सर, बाबांचा अलीकडचा फोटो आमच्याकडे नाही. त्या दिवशीचा तुमच्याकडे असेल." संगणकावर उघडून पाहतो तो चष्म्याच्या जागी दोन पांढरे ठिपके, मिशी आणि ओठ एकमेकांत मिसळलेले, सर्व फोटो थोड्याफार फरकाने तसेच. त्यांनी त्यांतला एक तसाच घेतला आणि आमचे आभार मानले. ते आभार अजून आठवतात.

आजचा कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर किती वेळ प्रकाश घेतला, झूम कोठवर ताणला होता, याची नोंद ठेवतो. आमच्या चुकांची ही हजेरीपट्टी आम्ही नीट वाचली. शटर होते एका सेकंदाचा तिसावा भाग. झूम शेवटच्या टोकाला, आणि त्याच्याही पुढे, म्हणजे जेथे लेन्सचे काम संपून कॅमेऱ्याचे गणित सुरू होते तेथे. एवढ्या दोन ओळींत सगळा उलगडा होता.

प्रथम त्या गणिताबद्दल. खरा झूम म्हणजे लेन्समधली भिंगे पुढेमागे सरकून दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी पाडतात. डिजिटल झूम म्हणजे पडलेल्या प्रतिमेचा मधला तुकडा कापून तो फुगवायचा. दुधात पाणी घातल्याने तांब्या भरतो, दूध वाढत नाही. तसे हे आहे. कॅमेऱ्याच्या यादीत जाऊन हा डिजिटल झूम एकदाच कायमचा बंद करावा. तुकडा कापायचाच असेल तर तो घरी, शांतपणे, संगणकावर कापता येतो.

खोक्यावरच्या आकड्याचेही असेच आहे. पन्नासपट झूम म्हणजे वस्तू पन्नासपट जवळ येते असे नव्हे. लेन्सचे सर्वांत लांब केंद्रांतर हे सर्वांत आखूड केंद्रांतराच्या किती पट आहे, एवढेच तो आकडा सांगतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यांसाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली आली, फोइग्टलेंडर कंपनीची झूमार. तिची मजल ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सव्वादोनपटीहून किंचित अधिक. २०१५ सालच्या निकॉन पी ९०० ची मजल, त्याच मापाने, २४ पासून २००० पर्यंत, म्हणजे ८३ पट. प्रगती थोर खरीच. परंतु अशा कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा सुमारे सहा मिलिमीटर रुंद व साडेचार उंच असतो. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ ची होती. क्षेत्रफळ सुमारे तीसपट कमी. उजेड भरपूर असला तर हा इवलासा तुकडा उत्तम काम देतो. संध्याकाळी किंवा सभागृहात मात्र त्याची दमछाक होते.

आपल्या लेन्सची खरी पोच पाहायची असेल तर चंद्रासारखा फुकटचा परीक्षक नाही. चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतो, त्यामुळे हिशेब सोपा आहे: लेन्सचे प्रत्यक्ष केंद्रांतर मिलिमीटरमध्ये घेऊन त्यास ११० ने भागावे, की चंद्राच्या प्रतिमेचा व्यास येतो. २५० मिलिमीटरच्या लेन्सने तो सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास भरतो. लेन्स बदलता येणाऱ्या हौशी कॅमेऱ्याची चौकट सुमारे १५ मिलिमीटर उंच असते, म्हणजे चंद्र तिच्या उंचीचा जेमतेम सहावा भाग. निराश होण्याचे कारण नाही. तेवढ्यातही खड्डे दिसतात. फक्त पौर्णिमा टाळून अष्टमीच्या सुमारास पाहावे, कारण त्या वेळी ऊन तिरपे पडून खड्ड्यांच्या सावल्या उठून दिसतात. आणि कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापावर विसंबू नये. काळे आकाश पाहून तो जास्त प्रकाश घेतो आणि चंद्राची पांढरी चकती करून टाकतो. आय. एस. ओ. १००, छिद्र एफ ८, शटर १/२०० असे स्वतः लावावे. चंद्र अर्धा असेल तर शटर थोडे सावकाश ठेवावे. हाच प्रयोग सूर्यावर करण्याचे मात्र कोणी मनातही आणू नये. काचेतून थेट पाहण्याच्या कॅमेऱ्यात डोळाच जाईल. मुलांच्या हाती कॅमेरा देताना हे आधी सांगावे.

आता त्या तिसाव्या भागाकडे येऊ. झूम जशी प्रतिमा वाढवतो तसा हाताचा कंपही वाढवतो. जुना नियम असा, की लेन्सचे केंद्रांतर फिल्मच्या मापाने जितके मिलिमीटर, सेकंदाचा निदान तितकावा भाग शटर ठेवावे. २५० च्या लेन्सला लहान चौकटीमुळे १.६ ने गुणले की ४०० होतात, म्हणून १/४००. आमच्या पन्नासपटीच्या कॅमेऱ्याला शेवटच्या टोकाशी १/१२०० हवे होते आणि आम्ही दिले १/३०! आता लेन्समध्ये कंप रोखणारी यंत्रणा असते आणि ती पुष्कळ सांभाळून घेते. परंतु ती फक्त आपला हात सांभाळते. समोर बोलणाऱ्या माणसाचे ओठ व मान हलतात त्यावर तिचा काही इलाज नाही. माणूस स्वस्थ बोलत असला तरी १/२०० च्या खाली जाऊ नये असा आमचा परिपाठ आहे, आणि त्यासाठी आय. एस. ओ. वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा. दाणेदार फोटोत माणूस ओळखता येतो. हललेल्या फोटोचे पुढे काही करता येत नाही.

स्थिरतेसाठी पैसे लागतात असे वाटते, तेही फारसे खरे नाही. ट्रायपॉड स्वस्तातला घेतला तर तो वाऱ्यावर कॅमेऱ्यापेक्षा जास्त हलतो. आमचा पहिला त्याच जातीचा होता, तो आता घरी कंदील टांगण्यास उपयोगी पडतो. त्याऐवजी जाड कापडाची वीतभर पिशवी शिवून घ्यावी, तीत तांदूळ किंवा मोहरी पाऊण भरावी, आणि कठड्यावर, कुंपणावर, मोटारीच्या खिडकीवर ठेवून तिच्यात लेन्स रुतवावी. दुसरी युक्ती त्याहून स्वस्त. कॅमेऱ्याच्या बुडाशी जे आटे असतात ते पाव इंची असतात, एका इंचात वीस. तेवढा बोल्ट लोखंडी सामानाच्या दुकानातून आणून त्यास दोरी बांधावी, दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ताणून धरावा. दोरी ताठ झाली की वरखाली कंप पुष्कळ कमी होतो. बोल्ट मात्र आखूड घ्यावा, आणि जोराने पिळू नये. पिशवीवर कॅमेरा ठेवून अचल वस्तूचा फोटो घेताना दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही.

झूम ताणला की उजेडही आटतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आमच्या कॅमेऱ्याचे छिद्र आखूड टोकाला एफ ३.४ आणि लांब टोकाला ६.५. आकडे दुपटीहूनही कमी दिसतात, पण प्रकाशाचा हिशेब वर्गाने होतो. आत येणारा उजेड चौथाईच्या जवळपास उरतो. त्या दिवशी आम्ही भिंत सोडून सभागृहाच्या मध्यापर्यंत चालत गेलो असतो, तर निम्म्या झूममध्ये तोच चेहरा तेवढाच मोठा मिळाला असता, उजेड जास्त आणि कंप निम्मा. चालण्यास पैसे पडले नसते. खरे सांगायचे तर उठून पुढे जाण्याचा संकोच वाटला होता.

बाहेरच्या फोटोंना हवेचाही अडथळा असतो. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे; हिवाळ्यात तेथे कांड्या करकोचे येतात. पहिल्या खेपेस आम्ही न्याहारी करून, डबे बांधून, अकराच्या सुमारास पोचलो. पक्षी होते, पण प्रत्येक फोटोत ते पाण्यात विरघळल्यासारखे. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, आणि लांब लेन्स त्या लहरीही मोठ्या करून दाखवते. दहा लाखांची लेन्स असती तरी तेच झाले असते. पुढच्या खेपेस उजाडण्याआधी जाऊन बसलो आणि त्याच कॅमेऱ्याने पिसे मोजता येतील असे फोटो मिळाले. जवळ जाण्याचा मोह तेथे आवरावा. करकोचे उडाले तर त्यांची सकाळ वाया जाते आणि आपलीही.

खरेदीबद्दल थोडक्यात. लेन्सच्या तोंडावर पिळून बसवायची 'टेली' भिंगे स्वस्त मिळतात. ती घेऊ नयेत, कडा रंगीत व पुसट होतात. त्या पैशांत भर घालून एखादी वापरलेली ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्स घ्यावी. आम्ही आमची साडेसहा हजारांस घेतली. फिल्मच्या काळातल्या एम ४२ आट्यांच्या १३५ किंवा २०० मिलिमीटर लेन्सही साध्या कडीने कॅननच्या कॅमेऱ्यावर चालतात. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर साध्या कडीने त्या दूरवर फोकस होत नाहीत, हे घेण्याआधी ध्यानात ठेवावे. जुनी लेन्स घेताना एका बाजूने बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि सौदा तेथेच सोडावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चांगल्या लेन्सलाही ती लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवावी. कातडी पेटीत ठेवू नये.

समारंभापुरते म्हणाल तर आम्ही आता व्यवस्थापकांना आदल्या दिवशी भेटून पहिल्या रांगेच्या कडेची एक खुर्ची मागून घेतो. शिक्षकाला कोणी नाही म्हणत नाही. सत्कारमूर्तींचा चेहरा भाषण सुरू होण्याआधी, ते स्वस्थ बसलेले असताना टिपतो, एक फोटो तेथेच मोठा करून डोळे स्पष्ट आले की नाही ते पाहतो, आणि आठवड्याच्या आत दोन प्रती छापून त्यांच्या घरी नेऊन देतो.