सायकलनंतरची धाव : स्त्री ट्रायथलॉनपटूंमधील गतिविचार व वैद्याचे कर्तव्य

उत्तराखंड येथे २०२५ साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्त्रियांच्या वैयक्तिक ट्रायथलॉनमध्ये महाराष्ट्राच्या डॉली पाटील यांनी सुवर्ण, तर मानसी मोहिते यांनी रौप्यपदक मिळविले. पोहणे, सायकल व धावणे ही तीन कर्मे सलग करण्याच्या या क्रीडाप्रकाराचा २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश झाला. तेथील अंतरे अनुक्रमे १.५, ४० व १० किलोमीटर आहेत. असा सराव करणाऱ्या तरुणी आता कळव्यासारख्या उपनगरातील चिकित्सालयातही येतात. “सायकलवरून उतरल्यावर पाय स्वतःचे वाटत नाहीत” ही त्यांची तक्रार. केवळ ‘वात’ म्हणून तेल व वटी देण्यापूर्वी तिची संप्राप्ती समजून घ्यावयास हवी.

गतीतील बदल

सायकल चालविताना पाय ठराविक वर्तुळात फिरतो, भूमीचा आघात नसतो आणि कटिसंधी सतत आकुंचित राहतो. मांडीच्या पुढील पेशी मुख्यतः आखडून बल देतात. धावताना याच्या उलट घडते. प्रत्येक पावलागणिक शरीरभाराच्या दोन ते तीन पट आघात येतो. पेशी व कंडरा प्रथम ताणल्या जातात व नंतर आखडतात. ही अदलाबदल क्षणात होत नाही. त्यामुळे आरंभी धड पुढे झुकते, मांडी मागे पूर्ण जात नाही, पाऊल आखूड पडते व त्याच वेगासाठी अधिक प्राणवायू खर्च होतो. पायडलची लय पावलांतही उतरते. शेवटच्या टप्प्यात पायडल जलद फिरविल्यास पावलेही जलद पडतात.

उच्च श्रेणीच्या स्पर्धकांत हे बदल अल्प असतात. दोन्ही कर्मे जोडून केलेल्या सरावाचे, म्हणजेच सात्म्याचे, हे फळ होय. तथापि काही कसलेल्या स्पर्धकांतही नडगीच्या पुढील पेशीचे कार्य धावताना बदललेले आढळते.

स्त्रियांतील विशेष

धावताना स्त्रियांची मांडी पुरुषांपेक्षा अधिक आत वळते. नितंबाच्या पेशी सायकलने थकल्या असतील तर गुडघ्याच्या वाटीवरील ताण वाढू शकतो. म्हणून वेदना केव्हा सुरू होते, पहिल्या किलोमीटरला की शेवटी, हे विचारावे. सायकलच्या आसनाची उंचीही विचारावी. आर्तवाचा इतिहास तर कधीही सोडू नये. श्रमाच्या मानाने आहार अपुरा पडला तर आर्तव अनियमित होते वा थांबते आणि अस्थिबल घटते. नडगीत एकाच बिंदूवर स्पर्शासह्य नसलेली वेदना असल्यास अभ्यंग व मर्दन न करता अस्थितज्ज्ञाकडे पाठवावे.

चिकित्सा

शास्त्राने अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. स्पर्धक ती मर्यादा ओलांडणारच. म्हणून अभ्यंग, निद्रा व स्निग्ध, बृंहण आहार यांचे महत्त्व तिच्यासाठी वाढते. नवशिक्या रुग्णेस मात्र सायकलनंतरची धाव अल्प अंतराने सुरू करून क्रमाने वाढविण्यास सांगावे.

औषधविक्रेत्यांसाठी

सर्वांत मोठा धोका आपल्या कपाटात आहे. वेदनेसाठी सहज दिली जाणारी विषतिंदुक वटी, तसेच अग्नितुंडी वटी, यांत कुचला असतो. त्यातील स्ट्रिक्नीन हे जागतिक उत्तेजकविरोधी यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध आहे. सोमलतेतील इफेड्रीनलाही ठराविक प्रमाणापुढे मनाई आहे. मूत्रपरीक्षणात दोष आढळल्यास “वैद्यांनी दिले होते” हे उत्तर खेळाडूस वाचवू शकत नाही; शरीरात काय गेले याचे उत्तरदायित्व तिचेच असते. भारतात यासाठी २०२२ चा स्वतंत्र कायदा आहे.

म्हणून वटी हाती देण्यापूर्वी एवढेच विचारावे : “ताई, आपण स्पर्धेत उतरता का?” उत्तर होकारार्थी असेल तर घटकद्रव्ये तपासल्याविना औषध देऊ नये. अनेक वर्षांच्या तिच्या साधनेचे रक्षण या एका प्रश्नाने होऊ शकते.