महागडा की मधला? दुकानदाराच्या मोबाईलचा हिशेब

कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक प्रथम वरच्या फळीवरचा तागा उतरवायला सांगते, भाव ऐकून खालच्या फळीकडे वळते आणि शेवटी मधल्या फळीवरचा माल घेऊन जाते. दुकान चालते ते या मधल्या फळीवर. वरचा माल दुकानाची शोभा वाढवतो, खालचा माल बहुधा तक्रार घेऊन परत येतो. तीस वर्षे हा धंदा करूनही, स्वतःसाठी मोबाईल घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही ही गोष्ट साफ विसरलो. आधी खालच्या फळीवरचा घेतला आणि पस्तावलो. मग पश्चात्तापाच्या भरात थेट वरच्या फळीला हात घातला. या दोन्ही चुकांतून जो हिशेब हाती आला तो आमच्या व्यापारी बांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आमचे दुकान जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातील अंकुशनगरला आहे. महाकाळा गावालगतची ही वस्ती समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे नावारूपाला आली. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, पुढे शेतकऱ्यांच्या खात्यात उसाचे पैसे जमा होतात, लग्नाचे बस्ते बांधले जातात. वर्षाची कमाई त्या चार-पाच महिन्यांत करून घ्यावी लागते. त्या काळात दुकानाचे एखादे साधन बिघडले तर त्याचा तोटा पुढे वर्षभर भरून निघत नाही.

मोबाईल हे आता असेच एक साधन झाले आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातील पहिला मोबाईल कॉल. त्या दिवसांत आलेल्या कॉलचेही पैसे पडत. आम्ही तेव्हा एसटीडी बूथच्या रांगेत उभे राहून मालेगाव आणि भिवंडीचे भाव विचारीत होतो. २०१६ साली यूपीआय आले आणि गल्ल्याचा मोठा भाग फोनमध्ये गेला. आज सुरतेचे नमुने फोनवर येतात, बिले फोनवर जातात, उधारीची आठवणही फोनवरूनच दिली जाते.

स्वस्ताईचा तोटा

काही वर्षांपूर्वी आम्ही काटकसर म्हणून सात-आठ हजारांचा फोन दुकानासाठी घेतला. पहिले वर्ष बरे गेले. पुढे सुरतेहून येणाऱ्या फोटो-व्हिडिओंनी त्याची साठवण भरली. रॅम जेमतेम २ जीबी. कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणेही थांबवले होते, पण ते आमच्या गावी नव्हते.

ऐन सीझनमध्ये ऊसतोडीचा एक मुकादम मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला सहकुटुंब आला. बिल मोठे झाले. त्याने कोड स्कॅन करून पैसे भरले. त्याच्या फोनवर भरणा झाल्याचे दिसत होते, पण आमच्या फोनवर बँकेचे ॲप उघडेना. आम्ही फोन बंद करून चालू केला, पुन्हा तेच. दुकानात गर्दी होती. आम्ही त्याला म्हणालो, "पैसे आले नाहीत, थोडं थांबा." तो तासभर कोपऱ्यात उभा राहिला. चार माणसे त्याच्याकडे वळून बघत होती. शेवटी बस्ता ठेवून घेऊन आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले.

रात्री मुलाच्या फोनवरून खाते पाहिले. पैसे त्याच मिनिटाला जमा झालेले होते. सकाळी उठून बस्ता घेतला आणि त्याच्या कोपीवर जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "चाचा, पैशाचं काही नाही हो. पण पोरीच्या देखत मला चोर केलंत." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. फोनवर वाचवलेले चार-पाच हजार रुपये आम्हाला त्या दिवशी फार महाग पडले.

अशी फजिती केवळ आमचीच झाली असे नाही. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानाच्या नोंदींसाठी सरकारने मोबाईल दिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील हजारो सेविकांनी ते सरकारला परत केले. फोन तापतो, रॅम अपुरी पडते, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. काम वाढत गेले आणि साधन अपुरे पडले, हेच तिथे घडले.

एकाच पेढीचे दोन माल

झाल्या प्रकारानंतर मुलाने आग्रह धरला की आता घ्यायचा तर सर्वांत वरचा. आम्हीही मान हलवली. पण रक्कम ऐकल्यावर आमच्यातला कापडवाला जागा झाला. एवढ्या पैशात ड्रेस मटेरियलचा अख्खा गठ्ठा येतो आणि तो गठ्ठा सीझनमध्ये विकला जाऊन पुन्हा पैसा उभा करतो. फोन गल्ल्यावर पडून राहतो आणि त्याची किंमत दररोज उतरते.

म्हणून आम्ही एकाच कंपनीचे दोन माल शेजारी ठेवून पाहायचे ठरवले. ईदला पुण्याहून आलेल्या भाच्याकडे सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा होता. शेजारच्या औषधवाल्याकडे त्याच कंपनीचा गॅलेक्सी ए५५ होता. पहिला जानेवारी २०२४ मध्ये आला, भारतातील सुरुवातीची किंमत १,२९,९९९ रुपये. दुसरा मार्च २०२४ मध्ये आला, सुरुवातीची किंमत ३९,९९९ रुपये. फरक सरळ ९०,००० रुपयांचा. वरच्या एका फोनच्या पैशात मधले तीन येतात आणि वर दहा हजार उरतात.

आता या नव्वद हजारांत काय मिळते ते पाहू. बॅटरी दोन्हींची ५,००० एमएएच. ५जी दोन्हींत. पाणी आणि धुळीपासून बचाव दोन्हींत आहे, महागड्यात थोडा जास्त. मधल्या फोनमध्ये वेगळे मेमरी कार्ड घालता येते, महागड्यात ती सोयच नाही. उलट महागड्यात दुरून जवळचे टिपणारी खास भिंगे आहेत, मुख्य कॅमेरा ५० ऐवजी २०० मेगापिक्सेलचा आहे, चार्जिंग जलद आहे, तारेवाचून चार्ज करता येते, लिहिण्यासाठी पेन आहे आणि प्रोसेसर पुष्कळ वेगवान आहे. मोठे खेळ खेळणाऱ्याला किंवा फोनवरच व्हिडिओ जोडणाऱ्याला हा वेग जाणवेल. हिशेबाचे ॲप, बँक आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्याला तो जाणवत नाही.

कापडाची परीक्षा

आमच्या धंद्यात फोनची खरी कसोटी म्हणजे रंग. फोटोत मोरपिशी दिसलेली साडी घरी निळी निघाली की गिऱ्हाईक परत येते. आम्ही तीन ताग्यांचे फोटो दोन्ही फोनवर काढले. एक मोरपिशी, एक गर्द जांभळा आणि एक पांढरी मलमल.

सकाळच्या उजेडात, दुकानाच्या दारात काढलेले फोटो व्हॉट्सॲपवरून चार नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवले आणि कोणता फोटो चांगला ते विचारले. एकालाही फरक सांगता आला नाही. यात नवल नाही, कारण व्हॉट्सॲप साध्या रीतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करते. मोठ्या कॅमेऱ्याची बरीचशी करामत वाटेतच संपते.

रात्री ट्यूबलाईटखाली मात्र फरक पडला. गर्द जांभळ्या कापडावरची काळी नक्षी महागड्या फोनने स्वच्छ टिपली, मधल्याने ती जरा पुसट केली. दोन हात लांबून विणीचा धागा दाखवायचा झाला तर तिथेही महागडा सरस ठरला. मधला फोन घेऊन आम्हाला कापडाजवळ जावे लागले. पण कापडवाल्याला कापडाजवळ जायला कसली अडचण? आमचा तजुर्बा असा की नमुन्याचे फोटो सकाळी, दारातल्या उजेडात, बाजूला पांढरा कागद ठेवून काढावेत. कागद पांढरा दिसला तर रंग खरा उतरला असे समजावे. एवढे पाळले की मधल्या फोनवर काम भागते.

ज्यांचा धंदाच फोटो-व्हिडिओचा आहे, लग्नसमारंभ टिपणे किंवा जाहिराती बनवणे हे ज्यांचे पोट आहे, त्यांनी वरचा फोन जरूर घ्यावा. त्यांच्यासाठी तो कमाईचे साधन आहे.

उलट बाजू

गोदावरीकाठी वर पैठण आहे. तिथल्या खऱ्या हातमागाच्या पैठणीची ओळख म्हणजे पदर उलटून पाहिला तरी नक्षी सुलटीसारखीच दिसते. फोनही असाच उलटून पाहावा. कंपनी सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे देणार, ही त्याची उलट बाजू. या दुरुस्त्या थांबल्या की फोन चालू राहतो, पण बँकेच्या व्यवहाराला भरवशाचा राहत नाही. पुढे ॲपही साथ सोडतात. व्हॉट्सॲपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या ४.४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर काम करणे बंद केले.

एस२४ अल्ट्राला कंपनीने ७ वर्षांची हमी दिली आहे, ए५५ ला सुरक्षेची ५ वर्षांची. महागड्याच्या बाजूने हा मुद्दा जोरदार आहे, म्हणून वर्षाच्या भावाने हिशेब मांडू. १,२९,९९९ ला ७ ने भागले तर वर्षाला सुमारे १८,५७० रुपये पडतात. ३९,९९९ ला ५ ने भागले तर सुमारे ८,०००. म्हणजे जास्त वर्षे धरूनही महागडा दुपटीहून महाग. शिवाय आता मधल्या मालाचीही मुदत वाढू लागली आहे. गुगलचा पिक्सेल ८ए मे २०२४ मध्ये ५२,९९९ रुपयांना आला तो ७ वर्षांच्या हमीसह. मार्च २०२५ मध्ये ४१,९९९ रुपयांपासून आलेल्या गॅलेक्सी ए५६ ला ६ वर्षांची हमी आहे. त्याचा वर्षाचा भाव ७,००० रुपये पडतो.

कर आणि हप्ते

मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ टक्के होता. ३९,९९९ रुपयांच्या फोनमध्ये सुमारे ६,१०० रुपये कराचे असतात. दुकान नियमित जीएसटीत नोंदलेले असेल, फोन धंद्यासाठीच असेल आणि बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक घातलेला असेल, तर हा कर वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ही सवलत नाही. पुष्कळ बांधव मुलाच्या नावावर बिल फाडतात आणि हा फायदा घालवून बसतात.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. महागडा फोन बहुधा 'बिनव्याजी हप्ता' दाखवून गळ्यात मारला जातो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते की शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते, क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवले जाते. व्याज टाळू पाहणाऱ्या आमच्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रोखीने घेतल्यास काय भाव, हा प्रश्न आधी विचारावा. जो फोन रोखीने घेता येत नाही तो आपल्या ऐपतीचा नाही, असे आम्ही समजतो.

घेण्यापूर्वी

रॅम ८ जीबी आणि साठवण निदान १२८ जीबी असावी. दुरुस्त्या कोणत्या साली संपणार ते विचारून लिहून घ्यावे. पडदा फुटला तर बदलण्याचा खर्च किती आणि अधिकृत दुरुस्ती केंद्र कुठे, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. आम्हा अंकुशनगरकरांना जालन्याला हेलपाटा पडतो आणि सीझनमधला एक दिवस जातो. नवे मॉडेल यायच्या सुमारास जुन्याचा भाव उतरतो, घाई नसेल तर थांबावे. वरचा फोन जुन्या बाजारात स्वस्त मिळतो म्हणून घेणार असाल, तर त्याचा आयएमईआय क्रमांक तपासल्याशिवाय हात लावू नये. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की तो क्रमांक दिसतो. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, जे मे २०२३ मध्ये सुरू झाले, तो फोन अडवलेला आहे काय ते कळते. चोरीचा माल स्वस्तात घेणे हा काही व्यापार नव्हे.

अखेरीस आम्ही मधल्या भावाचे दोन फोन घेतले, एक गल्ल्यावर आणि एक मुलाच्या खिशात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर दुकान चालते. उरलेल्या रकमेत लगीनसराईचा माल भरला, तो शिमग्याआधीच निघाला.

पुढच्या गाळपाला तोच मुकादम टोळी घेऊन आला आणि बायकोसाठी एक लुगडे घ्यायला दुकानात शिरला. त्याने पैसे भरले. आम्ही फोन त्याच्याकडे वळवून जमा झालेली रक्कम त्यालाच दाखवली. तो हसून म्हणाला, "आता दिसले ना चाचा?" दिसले होते, आणि लगेच दिसले होते. आमच्या मते दुकानदाराच्या फोनला एवढे जमले की पुरे.