हैदराबादेस जाल तेव्हा

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातून हैदराबादेस जाणाऱ्यांची संख्या थोडी नाही. कोणी आजाऱ्याला घेऊन जातो, कोणी परीक्षेस बसावयास, कोणी कचेरीतील कागदपत्रांसाठी. काम उरकते, परतीच्या गाडीस चार-सहा तासांचा अवकाश असतो, आणि तो वेळ बसस्थानकाच्या बाकावर जातो. गावी परतल्यावर ‘शहर कसे आहे?’ असे विचारले, तर ‘गर्दी फार’ एवढेच उत्तर मिळते. सुमारे तीनशे किलोमीटर प्रवास करून एवढाच अनुभव पदरी पडावा, याचे आम्हांस वाईट वाटते. म्हणून, खिशात पैसे बेताचे व हाती अर्धा दिवस, अशा विद्यार्थिमित्रांस उपयोगी पडेल एवढेच येथे सांगत आहो.

आपल्याकडील बस बहुधा प्रथम सिकंदराबादच्या जुबिली बसस्थानकावर थांबते व पुढे मुसी नदीकाठच्या महात्मा गांधी बसस्थानकावर जाते. शेवटच्या स्थानकावर उतरणेच सोयीचे. २०२० सालापासून ही दोन्ही स्थानके मेट्रो रेल्वेने जोडलेली आहेत. परंतु जुने शहर पाहावयाचे तर आपले पायच बरे.

भाषेची भीती मात्र प्रथम टाकून द्यावी. तेलुगू नीट येत नाही म्हणून आपली मुले शहरात तोंड मिटून हिंडतात. जुन्या शहराची बोली दखनी उर्दू. तिच्यात नकार देताना ‘नक्को’ म्हणतात, आणि ‘ऐसाइच’ या शब्दाच्या शेवटी जो जोर येतो तो आपल्याच ‘च’चा. दुकानदार ‘नक्को’ म्हणाला की तो मराठीचेच नाणे खर्चीत आहे, हे ध्यानात ठेवावे! १९५६ पर्यंत मराठवाडा, तेलंगणा व कन्नड जिल्हे यांची राजधानी हेच शहर होते. त्या साली किनवट व राजुरा हे आपल्या जिल्ह्याचे भाग पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. पण शहरातील मराठी खुणा पुसल्या गेल्या नाहीत. १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आणि १९२२ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय या दोन्ही संस्था बसस्थानकापासून फार दूर नाहीत. परक्या शहरात मराठी पुस्तकांची कपाटे दिसली म्हणजे जो धीर येतो, तो आम्ही शब्दांत सांगू शकणार नाही.

बसस्थानकाजवळच अफझलगंज. तेथील उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला व हजारो माणसे दगावली. त्या वेळी या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले असे सांगतात. पुढे असे संकट येऊ नये म्हणून उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन मोठे जलाशय बांधले गेले. रुग्णालयात आपल्या माणसाच्या उशाशी बसलेल्यांनी सायंकाळी घटकाभर या झाडाखाली जाऊन यावे.

नया पूल ओलांडला की डाव्या हातास सालारजंग वस्तुसंग्रहालय. शुक्रवारी ते बंद असते. या एका गोष्टीच्या अज्ञानाने पुष्कळांची फेरी फुकट जाते. आतील दालने एका दिवसात पाहून होणार नाहीत. अर्धा दिवस असेल तर बुरख्याआडचा चेहरा संगमरवरात दाखविणारा रिबेकाचा पुतळा आणि ते गमतीदार घड्याळ, एवढे पाहावे. तासाचे टोले द्यावयास घड्याळातून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो. त्यासाठी लोक आधीपासून समोर जागा धरून बसतात. बारा वाजता जाणाऱ्यास सर्वांत अधिक टोले ऐकावयास मिळतात, हे सांगणे नकोच.

तेथून पथ्थरगट्टीच्या कमानींखालून चारमिनारपर्यंत चालत जावे. १५९१ साली महंमद कुली कुतुबशहाने ही वास्तू उभारली आणि तिच्याभोवती शहर वसले. पश्चिमेस लाड बाजार. येथील लाखेच्या बांगड्या घरी आई-बहिणींस अवश्य न्याव्यात. लाख विस्तवावर मऊ करून तिचे कडे वळवितात व ती गरम असतानाच एकेक खडा तिच्यात बसवितात. या बांगड्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मोत्यांची दुकाने डोळे दिपवितात. पण ज्यांस पारख नाही त्यांनी केवळ पाहूनच समाधान मानावे. खरा मोती दातावर हलकेच घासला तर किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. तथापि दुकानात प्रत्येक मोती दातास लावून पाहणे शोभणार नाही. निर्मळची रंगीत लाकडी खेळणीही शहरात मिळतात. ती तेथून आणणे म्हणजे विहिरीकाठी राहून पाणी विकत घेणे. निर्मळ आपल्या वाटेवरच आहे.

चालून पाय दुखू लागले की चहा घ्यावा. चारमिनारच्या सावलीतच निमरा नावाचे चहाचे दुकान आहे. इराणी चहाची रीत निराळी: चहाची पत्ती झाकल्या भांड्यात मंद आचेवर बराच वेळ मुरवितात, दूध वेगळे आटवितात, आणि दोन्हींची भेट प्यालातच होते. सोबत शेवटच्या निजामाच्या नावाचे उस्मानिया बिस्कीट घ्यावे. ते किंचित खारट व किंचित गोड असते. बिर्याणीची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. येथील खास प्रकारात मसाल्यात मुरलेले कच्चे मांस व अर्धवट शिजलेला भात एकाच भांड्यात घालून तोंड कणकेने बंद करतात. एक ताट दोघांत मागवावे. एकट्याने संपविण्याची पैज लावू नये. शाकाहारी मंडळींनी हिरमुसण्याचे कारण नाही. जर्दाळूंचा ‘खुबानी का मीठा’ आहे, आणि १९३५ साली बांधलेल्या दगडी मोअज्जमजाही मार्केटात ताज्या फळांचे आईसक्रीम आहे.

रविवार असेल तर आबिड्सला जाण्याचे चुकवू नये. त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. शब्दकोश, गणिताची पुस्तके, परीक्षांची मार्गदर्शके तेथे कमी किमतीत हाती लागतात. घेण्यापूर्वी पाने मोजावीत; मधला एखादा भाग गळालेला असतो. आमचे मत विचाराल तर बांगड्या व बिस्किटे यांपेक्षा हाच बाजार विद्यार्थ्यास अधिक लाभाचा.

सायंकाळ टँकबंडवर घालवावी. हुसेनसागर हा सोळाव्या शतकातील तलाव; त्याच्या बांधावरून हैदराबाद व सिकंदराबाद यांना जोडणारा रस्ता जातो. पाण्याच्या मध्यावर एकाच शिळेतून घडविलेली भगवान बुद्धांची भव्य मूर्ती आहे. १९९० साली नेताना ती तलावात बुडाली, कित्येकांचे प्राण गेले, आणि १९९२ च्या अखेरीस ती वर काढून उभी करण्यात आली. गोवळकोंड्याचे नाव आम्ही मुद्दाम घेतले नाही. त्यास स्वतंत्र दिवस हवा.

टँकबंडहून जुबिली बसस्थानक जवळ पडते. रात्रीची आदिलाबादची गाडी तेथेच पकडावी, आणि बिस्किटांचा पुडा पिशवीत सर्वांत वर ठेवावा.