दोन मिनिटं आणि बारा तास

पहाटे चारच्या सुमारास पाण्याचं स्टीलचं भांडं फरशीवर पुन्हा पुन्हा आपटल्याचा आवाज आला आणि आम्ही हॉलमध्ये धावलो. खंड्या, आमचा तीन वर्षांचा लॅब्रॅडोर, कुशीवर पडला होता. पाय ताठ, मान मागे ओढलेली, डोळे उघडे, पण ओळख हरवलेली. मग चारही पाय पोहल्यासारखे हलू लागले, जबडा वाजू लागला, तोंडाला फेस आला, खाली लघवी झाली. सासूबाई कांदा फोडून घेऊन आल्या. जीभ आत जाईल या भीतीनं मी चमचा शोधत होते. सकाळी जिन्यात शेजारच्या काकांनी आवाज खाली आणून विचारलं, “पिसाळला तर नाही ना हो?”

दहा मिनिटं तरी चाललं असेल, असं मी डॉक्टरांना सांगितलं. पुढच्या खेपेला नवऱ्यानं मोबाइलवर चित्रण केलं, तेव्हा खरा आकडा कळला: एक मिनिट चाळीस सेकंद. कुत्र्याच्या बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. पण शेजारी बसलेल्याचा काळ फार लांबतो, म्हणून पहिलं काम घड्याळ बघणं. चमचा नको, कांदा नको, चप्पल तर नकोच. कुत्रा जीभ गिळत नाही, मात्र त्याच्या तोंडात गेलेलं बोट तुटू शकतं, कारण त्या वेळी जबडा त्याच्या ताब्यात नसतो. आसपासचं टेबल-खुर्ची सरकवावी, तो जिन्याच्या कडेला असेल तर आडवी उशी लावावी, दिवे-टीव्ही बंद करावेत. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला आधी दुसऱ्या खोलीत न्यावं. तडफडणाऱ्या सोबत्यावर तो घाबरून हल्ला करू शकतो, आणि हे अनेकांना ठाऊक नसतं.

त्या दीड मिनिटात मेंदूत काय होतं? भर सकाळची मंडई आठवून बघा. हजारो माणसं एकाच वेळी बोलत असतात, पण प्रत्येकाचं बोलणं वेगळं असतं, म्हणूनच व्यवहार चालतो. निरोगी मेंदूतल्या चेतापेशींचं असंच असतं. काही रसायनं त्यांना बोलतं करतात, तर गाबा नावाचं रसायन त्यांना गप्प करतं. गप्प करणारी बाजू कमी पडली की एका कोपऱ्यातल्या पेशी एकच शब्द एकसुरात ओरडू लागतात, शेजारच्या त्यात सूर मिसळतात, आणि बघता बघता सगळी मंडई तो एकच शब्द ओरडते. व्यवहार ठप्प होतो. मोठ्या फिटमध्ये कुत्रा शुद्धीवर नसतो, त्यामुळे आपल्याला दिसते तशी वेदना त्याला जाणवत नसावी, असं डॉक्टर मानतात. मला या एका वाक्याचा फार आधार वाटला.

ही ओरड थांबवण्याची सोय मेंदूतच असते. पेशी थकतात, त्यांच्याभोवती अॅडिनोसिन साचतं आणि ते त्यांना शांत करतं. पण थांबणं लांबलं तर गणित उलटतं. गाबाचा निरोप घेणारे ग्राहक-रेणू पेशींच्या पृष्ठभागावरून आत ओढले जाऊ लागतात, म्हणजे जितका उशीर तितकं औषधही कमी लागू पडतं. शिवाय सततच्या आचक्यांनी अंग तापतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर झपाट्यानं. पाच मिनिटांची मर्यादा आहे ती यामुळे. पाच मिनिटं उलटली, किंवा चोवीस तासांत दुसरी फिट आली, तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. अशा वेळेसाठी डॉक्टर घरी ठेवायला औषध देऊ शकतात. पूर्वी ते बहुधा गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम असे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाकात फवारलेल्या मिडॅझोलामनं ७० टक्के कुत्र्यांची फिट थांबली, तर गुदद्वारातून दिलेल्या डायझेपामनं फक्त २० टक्क्यांची. मात्र मात्रा डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेलीच हवी.

काकांच्या प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं, कारण तो प्रश्न वेडगळ नाही. रेबीजमध्येही झटके येतात. पण रेबीजचा कुत्रा लक्षणं दिसल्यावर सुधारत नाही, साधारण दहा दिवसांच्या आत दगावतो. अपस्माराचा कुत्रा दोन फिट्सच्या मधल्या काळात पूर्वीसारखाच असतो, जेवतो, चेंडू आणतो. रस्त्यावरच्या, लस न दिलेल्या कुत्र्याला फिट आली असेल तर त्याला उघड्या हातानं शिवू नये. तो चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच लशीसाठी जावं.

फिट म्हणजे अपस्मारच असंही नाही. लहान पिलाची साखर उतरली, व्यायलेल्या कुत्रीचं कॅल्शियम घसरलं, यकृत बिघडलं, गोचिडांवरचं फवारणीचं औषध चाटलं गेलं, झायलिटॉल घातलेलं साखरविरहित च्युइंगम पोटात गेलं, तरी झटके येतात. आपल्याकडे लस चुकलेल्या पिलांमध्ये डिस्टेंपर हे मोठं कारण आहे. त्यात कित्येकदा नुसता जबडा च्युइंगम चघळल्यासारखा हलतो. गोचिडांसाठी महिन्या-तीन महिन्यांनी द्यायच्या आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१८मध्ये इशारा दिला होता: काही कुत्र्यांना त्यांमुळे झटके येऊ शकतात. बहुतेक कुत्र्यांना त्या चालतात, पण घरात फिट येणारा कुत्रा असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं. रक्ताच्या तपासण्या निर्दोष, वय सहा महिने ते सहा वर्षांच्या दरम्यान, एरवी चालणं-वागणं सगळं ठीक, असं असेल तर निदान बहुतेक वेळा आनुवंशिक कल असलेल्या अपस्माराकडे जातं. पहिली फिट सातव्या-आठव्या वर्षी आली तर गाठीची शंका घेऊन मेंदूचा एमआरआय सुचवला जातो, आणि त्यासाठी भूल द्यावी लागते.

खंड्याला सहा महिन्यांत दुसरी फिट आली आणि गोळी सुरू झाली, फिनोबार्बिटल. हे औषध शंभर वर्षांहून जुनं आहे. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरनं झोपेसाठी निघालेलं हे औषध अपस्माराच्या रुग्णांना दिलं, तेव्हा त्यांच्या फिट्स कमी झाल्या. गाबाचा शांत राहण्याचा निरोप पेशीत थोडा अधिक वेळ टिकवणं, हे त्याचं काम. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघून विचारलं, “पेशंटचं वय?” मी म्हटलं, “तीन.” मात्रा बघून तो उठूनच उभा राहिला. किलोमागे कुत्र्याला हे औषध मोठ्या माणसापेक्षा बरंच जास्त लागतं, कारण त्याचं यकृत ते वेगानं संपवतं. याच कारणानं माणसांना वर्षानुवर्षं दिली जाणारी फेनिटोइन कुत्र्याच्या उपयोगाची नाही. ती काही तासांतच त्याच्या रक्तातून जाते. घरातल्या कुणाची गोळी अर्धी करून कुत्र्याला देऊ नये ती म्हणूनच.

इथून पुढे आमचं घर बारा तासांच्या पाळ्यांवर चालू लागलं. सकाळी साडेसात, रात्री साडेसात. रक्तातली पातळी स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या दोन आठवड्यांत खंड्या झिंगल्यासारखा चालायचा, मागचे पाय घसरायचे, आणि मला आपण त्याचा कुत्रेपणाच काढून घेतला असं वाटून रडू यायचं. झिंग ओसरली, भूक मात्र राहिली. डब्यातल्या पोळ्या पळवणाऱ्या कुत्र्याला रागावण्यात अर्थ नाही. ती भूक गोळीची असते. काकडी, दुधी, गाजर यांवर आम्ही वेळ मारून नेतो.

या गोळीची एक खोड मला कुणी आधी सांगायला हवी होती. ती यकृताला स्वतःलाच लवकर संपवायला शिकवते. पहिल्या महिन्यात पुरलेली मात्रा चौथ्या महिन्यात अपुरी पडू शकते, काहीही न चुकता. म्हणून रक्तातली पातळी आणि यकृत ठरावीक काळानं तपासावं लागतं. आणि फिट्स थांबल्या म्हणून गोळी एकदम बंद करणं सर्वांत धोक्याचं. सवयीचा आधार अचानक निघून गेला की मेंदू उसळून उठतो.

एका औषधानं भागलं नाही की पोटॅशियम ब्रोमाइडची जोड देतात. हे तर १८५७ सालचं. व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारावर त्याचा उपयोग सांगितला होता. त्याची चाल फार संथ. कुत्र्याच्या शरीरातून निम्मं ब्रोमाइड जायला सुमारे २४ दिवस लागतात, म्हणून पूर्ण परिणामासाठी तीन-एक महिने थांबावं लागतं. ब्रोमाइड आणि मिठातलं क्लोराइड मूत्रपिंडात एकमेकांच्या जागेसाठी झगडतात. मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे निघून जातं. पापडाचा तुकडा, खारे दाणे, अलिबागच्या समुद्रात पोहताना पोटात गेलेलं पाणी, एवढ्यानंही पातळी घसरू शकते. उलट लेव्हेटिरासिटाम हे आणखी एक औषध काही तासांतच उतरतं, त्यामुळे ते बहुधा दर आठ तासांनी द्यावं लागतं. नोकरी करणाऱ्या घरात दुपारची ती गोळी कोण देणार, हा प्रश्न औषधाच्या निवडीइतकाच मोठा असतो, आणि तो डॉक्टरांपुढे उघड मांडायला संकोच वाटू नये. इतकं करूनही दहातल्या दोन-तीन कुत्र्यांच्या फिट्स औषधांना दाद देत नाहीत. त्यात त्यांच्या माणसांची चूक नसते.

आमच्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहेत, दुधाच्या हिशेबाशेजारी. फिट आली की लाल ठिपका. वर्षभरानं सासूबाई म्हणाल्या, “बघ, अमावास्या-पौर्णिमेलाच येते.” मी ठिपके मोजले. दोन्ही तिथींच्या मागचेपुढचे दोन-दोन दिवस धरले तर महिन्याचे दहा दिवस त्यात बसतात. म्हणजे नुसत्या योगायोगानंही तीनातली एक फिट तिथे पडणारच. आमच्या बारापैकी चार पडल्या होत्या. २०११ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी अनेक कुत्र्यांच्या नोंदी चंद्राच्या कलांशी ताडून पाहिल्या होत्या, त्यांनाही संबंध सापडला नाही. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यापासून ठिपके त्याच देऊ लागल्या, वेळेसकट.

डॉक्टरांनी तीन वेळा लिहायला सांगितल्या आहेत: सुरू कधी झाली, थांबली कधी, आणि खंड्या खंड्यासारखा कधी झाला. तिसरी सर्वांत अवघड. फिट थांबल्यावर तो उठतो, पण त्याला नीट दिसत नाही. भिंतीला धडकतो, खोलीभर गोल गोल फिरत राहतो, हाक मारली तर आवाजाकडे बघतो आणि ओळखत नाही. त्याला मिठी मारायची नाही, कारण गोंधळलेला कुत्रा आपल्याच माणसाला चावू शकतो. फक्त हळू आवाजात बोलत बसायचं. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. मग तो थांबतो, माझा हात हुंगतो, शेपूट एकदा हलते. मी वर बघून वेळ लिहून घेते.